अण्णांनी स्वतः सही केली

हणमंतरावांनी आयुष्यात एकच मोठी चूक केली आणि तीही चांगुलपणापायी, हे मला अजून पचत नाही. वाईट माणसाने केली असती तर चार शिव्या हासडून मी मोकळी झाले असते.

मी कावेरी. मूळची निपाणीची, आता बेंगळुरात येलहंक्याला एका हार्डवेअरच्या दुकानावर असलेल्या ऑफिसात बिलं बनवते. आमची कंपनी म्हणजे बारा माणसं, दोन मिक्सर आणि एक टेम्पो. सरकारची बारकी कामं घ्यायची. शाळेचं कंपाउंड, अंगणवाडीचं छत, तळ्याभोवतीचा फिरायचा रस्ता. मालक श्रीरंगराव. चार पिढ्या बेंगळुरात काढलेलं मराठी घराणं, त्यामुळे वाक्य मराठीत सुरू होई आणि कन्नडात संपे. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. आणि अण्णांचा उजवा हात म्हणजे हणमंतराव. टेंडर भरणं हे त्यांचं काम आणि कंपनीच्या बातम्या देणं ही त्यांची हौस.

बातम्या पूर्वी शनिवारच्या पूजेनंतर उभ्याने वाचून दाखवायचे. मग व्हॉट्सॲप आलं आणि त्यांनी ग्रुप काढला. वर मराठी, खाली कन्नड. आधी प्रोजेक्ट बातमी, मग स्टाफ बातमी, हा क्रम कधी मोडला नाही. काम आहे म्हणून आपण आहोत, असं म्हणायचे. एकदा त्यांनी लिहिलं, ‘प्रोजेक्ट बातमी : शाळेच्या शौचालयाला दारं बसली. स्टाफ बातमी : संतोषकुमारला मुलगी झाली. दोन्हींबद्दल अभिनंदन.’ संतोषकुमार आमचा साइट इंजिनिअर. तो आठवडाभर चिडून होता. मी हसून हसून बेजार झाले. हणमंतरावांना मात्र यात हसण्यासारखं काय आहे ते शेवटपर्यंत कळलं नाही.

आता सहीचं सांगते, कारण सगळं तिथेच अडलं. सरकारी टेंडर हल्ली कॉम्प्युटरवरच भरावं लागतं आणि मालकाची सही असते अंगठ्याएवढ्या एका टोकनमध्ये. ते कॉम्प्युटरला लावायचं, पिन टाकायचा, सही झाली. नियम असा की टोकन मालकाने स्वतःजवळ ठेवावं आणि स्वतःच वापरावं. आमच्याकडे ते हणमंतरावांच्या खणात, हिंगाच्या रिकाम्या डबीत असायचं. “माझ्याजवळ ठेवलं तर मी चहाबरोबर गिळीन,” असं अण्णा म्हणायचे. पिनही त्यांनीच हणमंतरावांना सांगून ठेवला होता. टेंडरचे आकडे दोघं बसून ठरवत, अण्णा “सरी, हाकप्पा”, बरं, टाक भरून, म्हणत चपला घालून साइटवर जात आणि हणमंतराव हिंगाचा वास येणारी ती सही करून टाकत.

मग ग्रुपवर बातमी यायची, ‘आज अण्णांनी स्वतः सही करून अमुक टेंडर भरलं.’

मी एकदा विचारलं, “हणमंतराव, सही तुम्ही केलीत की. अण्णा तर आनेकलला आहेत.”

“सही त्यांची आहे, कावेरी. मी भरलं म्हणणं शोभत नाही. मालकाच्या सहीवर नोकराचं नाव कसं घालायचं?”

यात खोटं बोलणं त्यांच्या मनातही नव्हतं. ते मानाचं बोलणं होतं. देवळात पूजा पुजारी करतो आणि नाव यजमानाचं होतं, तसंच. आम्ही सगळे ते तसंच वाचायचो. तसं न वाचणारं एक माणूस ग्रुपात आहे, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

ते माणूस म्हणजे मेघाश्री, अण्णांची एकुलती एक मुलगी. हुबळीला पॉलिटेक्निकमध्ये शिकवायची. घरच्या बातम्या कळाव्यात म्हणून अण्णांनीच तिला ग्रुपात घातलं होतं. लहानपणी शाळा सुटली की ती ऑफिसात यायची, हणमंतरावांच्या टेबलाखाली बसून त्यांच्या डब्यातली भाकरी खायची. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. आता ती ग्रुपात फारशी बोलत नसे, पण वाचायची सगळं.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत अण्णांच्या छातीत दुखायला लागलं आणि त्यांना दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी आनेकलच्या हायस्कुलाच्या खोल्यांचं टेंडर भरायची शेवटची तारीख होती. हातातली कामं संपत आली होती आणि हे मिळालं नाही तर ऑफिसला कुलूप, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. हणमंतराव संध्याकाळी दवाखान्यात जाऊन आले. अण्णा शुद्धीवर होते. आकडा ठरलेलाच होता. “उद्या भरून टाक, हणम्या,” एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात कुणाचं लक्ष कामात नव्हतं. दोनच्या सुमाराला संतोषकुमारने दवाखान्यात फोन लावला. फोन आप्पाजींनी उचलला. आप्पाजी म्हणजे अण्णांचे मेहुणे, अण्णांच्या बायकोचे, हेमलताक्कांचे, थोरले भाऊ. म्हणाले, “तसंच आहे. सीरियस आहे. कुणी गर्दी करू नका.”

तसंच आहे म्हटल्यावर हणमंतरावांना जरा हुशारी आली. कॉम्प्युटर लावला, डबी उघडली, वेळ संपायच्या आत टेंडर भरलं. आणि हात सवयीने फोनकडे गेला.

‘प्रोजेक्ट बातमी : आनेकल हायस्कूल खोल्यांचं टेंडर आज दुपारी अण्णांनी स्वतः सही करून भरलं. स्टाफ बातमी : अण्णांची तब्येत स्थिर आहे.’

सगळ्यांनी हात जोडले, फुलं टाकली. मीही टाकलं. थोड्या वेळाने मेघाश्रीचं उत्तर आलं. ती रेल्वेत होती, बेंगळूरला यायला निघालेली. ‘काका, देवासारखी बातमी दिलीत. कालपासून पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. आता जेवते.’

हणमंतरावांनी चष्मा कपाळावर चढवून उत्तर लिहिलं, ‘जेव बाळ. पोटभर जेव.’

मी ते वाचलं. बरं झालं, पोरगी जेवेल, असंच मनात आलं. कॉम्प्युटरवर बोट ठेवून सही हणमंतरावांनी केली आणि तिकडे लेकीला वाटलं, बापाने उठून बसून, टोकन हातात घेऊन सही केली, हा हिशेब माझ्या डोक्यातच शिरला नाही. त्यांच्याही नाही.

संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली. संतोषकुमार आत आला. न राहवून दवाखान्यात जाऊन आला होता. डोक्यावर हेल्मेट तसंच.

“अण्णा गेले,” तो म्हणाला.

मग हणमंतरावांनी विचारलं, “कधी?”

“दुपारी. बाराच्या आसपास. आप्पाजींनी सांगू दिलं नाही. मेघा एकटी गाडीत आहे, कुणाच्या तोंडून कळायला नको म्हणाले. ती घरी पोचेपर्यंत सीरियस सांगायचं.”

दुपारी बारा. हणमंतरावांनी आधी कॉम्प्युटरकडे बघितलं. त्याच्यावर अजून अण्णांच्या नावाची सही दिसत होती, तीन वाजून गेल्यानंतरची. मेलेल्या माणसाने टेंडर भरलं होतं. पण त्यांचं तिकडचं लक्ष लगेच उडालं. त्यांनी फोन उघडला आणि मेघाचं उत्तर पुन्हा वाचलं. ओठ हलताना दिसले. “आता जेवते.” माणसाचा चेहरा असा क्षणात उतरलेला मी त्याआधी बघितला नव्हता, पुन्हा बघायचाही नाही.

आमच्याकडे घरात मयत झालं की प्रेत बाहेर पडेपर्यंत चूल पेटत नाही. घरचं कुणी घास तोंडात घालत नाही. तान्ह्या पोरांना आणि आजाऱ्यांना सूट, बाकी कुणाला नाही. हे निपाणीत तसंच, येलहंक्यातही तसंच.

मी झटकन त्यांचा फोन घेतला. “पुसते मी. सगळ्यांचं पुसता येतं.”

“नको.” त्यांनी माझं मनगट धरलं. “ती वाचून जेवली आहे, कावेरी. आता पुसून तिचं पोट रिकामं होणार आहे का?”

मग उठले. म्हणाले, “तिला दुसऱ्या कुणी सांगायचं नाही. मी सांगतो.” मी त्यांना एकट्याने जाऊ देणार नव्हते. रिक्षा करून आम्ही यशवंतपूर स्टेशन गाठलं. वाटेत मी आप्पाजींना मनातल्या मनात नाही नाही ते बोलले.

गाडी आली. मेघाश्री उतरली ती हसत. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले, पण हसत. हातात केळीच्या पानात बांधलेला पुडा. “काका, तुम्ही कशाला आलात? तुमकुरात तट्टे इडली मिळाली, ताटलीएवढी. मी तीन खाल्ल्या, खोटं नाही. अण्णांसाठी दोन आणल्यात. सही करताना हात थरथरत नव्हता ना त्यांचा?”

हणमंतरावांनी तिच्या हातातली बॅग घेतली. प्लॅटफॉर्मवर खाली ठेवली. मग म्हणाले, “मेघा, अण्णा दुपारीच गेले. सही मी केली.”

तिला ते कळलंच नाही. तिने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. तिने पुन्हा त्यांच्याकडे बघितलं. “पण तुम्ही लिहिलं होतंत. स्वतः सही केली म्हणून लिहिलं होतंत.”

“मी नेहमीच तसं लिहितो.”

“अण्णा गेले होते?”

“हो.”

“मी खात होते तेव्हा गेलेले होते?”

तिने हातातल्या पुड्याकडे बघितलं. “मी जेवले, काका,” ती म्हणाली. घरी पोचेपर्यंत पुडा मांडीवर तसाच धरून बसली होती. मला तो तिच्या हातातून काढून घ्यायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सगळं झालं. हणमंतराव स्मशानातून ऑफिसात आले, टोकन डबीत घातलं आणि डबी हेमलताक्कांकडे देऊन आले. त्या दिवसापासून त्यांनी ऑफिसात डबा आणणं बंद केलं. दुपारी आम्ही जेवायला बसलो की ते खाली रस्त्यावर जाऊन उभे राहत. मी दोनदा हाक मारली, एकदा खेकसलेसुद्धा. आले नाहीत.

तेराव्याच्या आधी टेंडर उघडलं. आमचा आकडा सगळ्यात कमी. काम आम्हाला.

ऑफिसात काय झालं म्हणून सांगू! संतोषकुमारच्या डोळ्यांत पाणी आलं. “अण्णांचा आशीर्वाद! जाता जाता आपली सोय करून गेले.” कुणी अण्णांच्या फोटोपुढे उदबत्ती लावली. मी खरं सांगते, मलाही सुटल्यासारखं झालं. माझ्या भावाची फी होती, घरभाडं होतं. सही बाराची की तीनची, हे कोण तपासायला बसलंय?

हणमंतराव उठून म्हणाले, “मी खात्याला कळवणार. सही झाली तेव्हा मालक हयात नव्हते म्हणून.”

सगळे थक्क झाले. इतके की भांडायलाही दोन मिनिटं लागली. मग मात्र जी जुंपली! संतोषकुमार, ज्याने कधी त्यांच्यासमोर आवाज चढवला नव्हता, तो टेबलावर हात आपटून म्हणाला, “तुमच्या मनाचं ओझं उतरवायला बारा घरांची चूल विझवता का?” मला तेव्हा त्याचंच पटलं. हणमंतराव म्हणाले, “अक्का आणि मेघा नको म्हणाल्या तर नाही कळवत.”

तेराव्यानंतर आम्ही त्यांच्या घरी गेलो. हेमलताक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. आप्पाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि उसळले. “हणमंतराव, मेलेल्या माणसाने पोरांच्या तोंडात घातलेला घास आहे तो. काढून घेणार?”

“आप्पाजी, घासाचं माझ्यासमोर नका बोलू,” हणमंतराव म्हणाले. आप्पाजी भिंतीकडे बघायला लागले. गाडीत काय झालं ते त्यांनाही एव्हाना कळलं होतं, आणि बातमी दाबून ठेवायचं ठरवणारे तेच होते.

मेघाश्रीने विचारलं, “काका, सही नेहमी तुम्हीच करत होता?”

“ऑनलाइन झाल्यापासून.”

“एकदाही अण्णांनी नाही?”

“नाही.”

ती म्हणाली, “हुबळीला तुमची बातमी आली की मी ती दोनदा वाचायची. अण्णा चष्मा लावून बसलेत, सही करतायत, असं मला दिसायचं. मला वाटायचं, आज बसून काम केलंय म्हणजे बरे आहेत. फोनसुद्धा करायची नाही मी मग.”

आम्ही रोज गंमत म्हणून वाचलेलं एक वाक्य त्या पोरीने बापाची नाडी म्हणून वाचलं होतं. मी तिथेच पदराने डोळे पुसले. लाज वाटली नाही.

“कळवा,” ती म्हणाली. “अण्णांचा हात लागलेला नाही त्याला. मला त्या खोल्या नकोत.”

हेमलताक्कांनी नुसती मान हलवली.

खात्यातल्या साहेबाने हणमंतरावांचं बोलणं ऐकून कपाळाला हात लावला. “यारू केळ्तिद्रु री? सुम्ने इरबेकित्तु,” म्हणाला. कोण विचारणार होतं, गप्प बसायचं होतंत! काम दुसऱ्याला गेलं, अनामतही गेली. हातातली कामं वारसांच्या नावाने पुरी करायची परवानगी मिळाली, त्यावर आम्ही कसेबसे तगलो. संतोषकुमार इंदिरानगरच्या एका कंपनीत गेला, जाताना हणमंतरावांशी बोलला नाही. आणखी तिघं गेले. माझा पगार अर्धा झाला. मी महिनाभर त्यांच्याशी कामापुरतं बोलले आणि तेही तोंड फिरवून. ग्रुपवर बातम्या बंद झाल्या.

पावसाळ्यानंतर मेघाश्री हुबळीची नोकरी सोडून आली. इंजिनिअर तर ती होतीच. कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स तिच्या नावावर व्हायला बरेच महिने गेले. ते झालं, नवं टोकन आलं. पहिलं टेंडर अगदी चिमुकलं होतं, येलहंक्यातल्याच एका अंगणवाडीचं छत. आनेकलच्या खोल्यांपुढे ते म्हणजे किस झाडकी पत्ती. पण त्या दिवशी आम्ही उरलेले सगळे सकाळपासून उगाच इकडेतिकडे करत होतो.

तिने आणि हणमंतरावांनी आकडा ठरवला. हणमंतराव सवयीने खुर्चीवरून उठले नाहीत, मग एकदम लक्षात येऊन उठले आणि खुर्ची तिच्यापुढे सरकवली. तिने पर्समधून टोकन काढलं. हिंगाच्याच डबीत होतं. अक्कांनी दिली असणार. हणमंतराव ती डबी बघतच राहिले. तिने टोकन लावलं आणि पिन टाकायला बोटं उचलली, तसे हणमंतराव वळले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे.

“काका, बघा की इकडे.”

“पिन टाक आधी. झालं की सांग.”

तिने पिन टाकला. “आता बघा.” ते वळले. तिने त्यांच्या डोळ्यांदेखत सही केली.

जेवायची वेळ झाली होती. हणमंतराव नेहमीप्रमाणे जिना उतरायला निघाले, पण दारातच थांबले. खिशातून फोन काढला आणि एक एक अक्षर शोधत बराच वेळ लिहीत राहिले. वर्षभर मुका असलेला ग्रुप माझ्या हातात वाजला.

‘प्रोजेक्ट बातमी : येलहंका अंगणवाडी छताचं टेंडर आज मेघाश्रीने स्वतः सही करून भरलं. मी समोर होतो. मी बघितलं. स्टाफ बातमी : काही नाही.’

मेघाश्री त्यांच्यापासून चार हातांवर खुर्चीत बसली होती. तिने वाचलं. तीही फोनवर लिहायला लागली. तिचं उत्तर आलं.

‘स्टाफ बातमी आहे. काका आजपासून ऑफिसात जेवणार. जेवा काका, पोटभर जेवा.’

हणमंतराव दारातच जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले आणि मोठ्याने रडले. त्यांना डबा नव्हताच. मी माझा उघडला, भाकरी मोडली आणि अर्धी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती खाल्ली.